जिला सुतार लागतो ती मोटार

मोटार गंजते, ठोकली जाते, तेल गाळते. कुजत मात्र नाही, अशी आपली पक्की समजूत असते. इंग्लंडात १९५३ ते १९७१ या काळात बनलेल्या मॉरिस मायनर ट्रॅव्हलरच्या बाबतीत ही समजूत खोटी ठरते. ही गाडी खरोखर कुजते. पावसात वर्षानुवर्षं उभी राहिली तर तिच्या सरकत्या खिडक्यांच्या खाचांत शेवाळ धरतं. आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलं की वेल्डर, पेंटर आणि मेकॅनिक यांच्या जोडीला चौथा माणूस बोलवावा लागतो, तो म्हणजे सुतार.

गाडीचा पुढचा अर्धा भाग इतर मायनरसारखाच पोलादी पत्र्याचा आहे. दारांच्या मागे मात्र पत्रा संपतो आणि ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची चौकट सुरू होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, शोभेसाठी पट्ट्या चिकटवल्या असतील. तसं नाही. छप्पर, खिडक्या, मागचं दोन फळ्यांचं दार, सगळा भार ही चौकट पेलते. मधले ॲल्युमिनियमचे पत्रे नुसते आडोशाला आहेत. जुन्या वाड्यात भार तुळया आणि खांब घेतात, भिंती केवळ मधली जागा भरतात, तोच हा प्रकार. म्हणून ब्रिटनमधल्या वार्षिक एमओटी तपासणीत ट्रॅव्हलरचं लाकूड सांगाडा म्हणूनच तपासलं जाई. लाकूड कुजलं, गाडी नापास. गंमत अशी, की याच कंपनीच्या छोट्या मिनी ट्रॅव्हलरवरही अगदी अशाच पट्ट्या दिसतात, आणि त्या मात्र शुद्ध शोभेच्या आहेत!

मोटारीत लाकूड आलं कसं? महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची चणचण होती. शिवाय अख्खं अंग पत्र्यातून ठोकून काढायचं तर प्रचंड साचे लागतात आणि ते परवडायला गाड्याही तितक्याच प्रचंड संख्येने खपाव्या लागतात. थोड्या संख्येच्या गाडीला सुताराची चौकट स्वस्त पडे. ॲशची निवड विचारपूर्वक होती. त्याचा तंतू लांब आणि लवचीक असतो, धक्का बसला की ते वाकून सावरतं, तडकत नाही. कुऱ्हाडीचे दांडे त्याचे होत, क्रिकेटचे स्टंपही परंपरेने त्याचेच. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला ज्या कुळात घालतात, त्याच कुळात आपला मोगरा, जुई आणि पारिजातकही येतात. म्हणजे परसातल्या पारिजातकाची एक दूरची चुलतबहीण इंग्लंडात मोटारीचं छप्पर उचलून धरते आहे. हे कळल्यापासून मी या गाडीकडे सरळ नजरेने पाहू शकलेलो नाही.

ॲशचा दोष एकच, पण मोठा आहे. ओल सहन करण्याच्या बाबतीत ते सागवानाच्या पासंगालाही पुरत नाही. पाणी सांध्यात शिरलं की आधी काळा डाग पडतो, मग लाकूड भुसभुशीत होतं. सगळ्यात वाईट जागा दिसत नाहीत त्याच: मागच्या मडगार्डच्या आड चाकावरून जाणारी कमान, जमिनीलगतची आडवी पट्टी आणि मागच्या दारांचा तळ. वरून वॉर्निश चकचकीत आणि आत पेंड, असा प्रकार सर्रास आढळतो.

दुरुस्तीचा क्रमही त्यामुळे उलटा. आधी लाकूड नाही, आधी लोखंड. चौकट ज्या पोलादी तळावर बोल्टने बसते, तोच गंजलेला असेल तर नवी चौकट वाकड्या जोत्यावर बसेल आणि दारं कधीच नीट लागणार नाहीत. म्हणून मागचा भाग उतरवायचा, गाडीला खालून आधार द्यायचा, तळाचा सडका पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. मग चौकट. ती आजही ब्रिटनमध्ये नवी तयार मिळते, बाजू जोडलेल्या, सांधे खाच आणि कूस पाडून चिकटवलेले. तरी आणली आणि बसवली, असं होत नाही. पन्नास-साठ वर्षांत प्रत्येक गाडी आपापल्या परीने थोडी कललेली असते. आधी कोरडी बसवून पाहायची, रंधा चार वेळा फिरवायचा, पुन्हा बसवायची, दार लावून बघायचं, पुन्हा काढायची. सगळं जमलं की मगच लाकडाला बाहेरून लेपाचा हात, आणि तोही आधी टोकांना, कारण लाकूड पाणी पितं ते मुख्यतः आडव्या कापलेल्या टोकांतून. हात कशाचा द्यायचा यावरून शौकिनांत वाद आहेत. बोटीचं जाड वॉर्निश पहिल्या वर्षी देखणं दिसतं. पुढे त्याला बारीक तडा जातो, पाणी आत जातं आणि बाहेर यायचा रस्ता विसरतं. रोज वापरायच्या गाडीला तेल किंवा श्वास घेणारा पातळ लेप बरा, दरवर्षी पुन्हा द्यावा लागला तरी.

लाकडाचं झालं. आता रोज ऑफिसला न्यायची तर ती धावली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे थांबली पाहिजे.

इथे एक फसलेला बेत कामाला येतो. मायनरचा कर्ता ॲलेक इसिगोनिस, पुढे ज्याने मिनी घडवली तोच. त्याला मायनरमध्ये आडवं पसरलेलं, चार सिलिंडरचं चपटं इंजिन घालायचं होतं. ते काही उत्पादनापर्यंत पोचलं नाही, पण त्याच्यासाठी रुंद ठेवलेली बॉनेटखालची जागा तशीच राहिली. याच माणसाने १९४८ सालच्या मोटार प्रदर्शनाच्या आधी नमुन्याची गाडी अरुंद वाटते म्हणून मधोमध उभी कापायला लावली आणि दोन्ही अर्धे भाग मनाला येईल इतके लांब सरकवून पाहिले. चार इंचांवर त्याचं समाधान झालं. बॉनेटच्या मधोमध जी सपाट उंच पट्टी दिसते, ती त्या चार इंचांची खूण. बंपर आधीच बनून पडले होते. तेही मधे कापून तुकडा घातला.

त्या ऐसपैस जागेत ट्रॅव्हलरचं पहिलं इंजिन होतं ८०३ सीसीचं, ताकद जेमतेम ३० अश्वशक्ती. १९५६ मध्ये ९४८ सीसी आलं, १९६२ मध्ये १०९८. तिन्ही एकाच घराण्यातली. हे ‘ए-सिरीज’ घराणं १९५१ मध्ये ऑस्टिनच्या गाडीत जन्मलं आणि २००० साली शेवटच्या जुन्या मिनीबरोबर संपलं. त्यातलं सर्वांत मोठं भावंड १२७५ सीसीचं. आजोबांच्या जागी नातू बसवावा, तसं ते फारशी तोडफोड न करता ट्रॅव्हलरमध्ये बसतं. पुढच्या ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क घालायच्या तर त्या मॉरिस मरीनाच्या चालतात, कारण मायनरच्या जागी आणलेल्या त्या नव्या गाडीलाही कंपनीने पुढचं सस्पेन्शन मायनरचंच दिलं होतं. मूळचा चार गिअरचा डबा हमरस्त्यावर आरडाओरडा करतो. तिथे पुष्कळजण फोर्ड सिएराचा पाच गिअरचा डबा बसवतात. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, मागच्या दिव्यांना एलईडी, शिसेमुक्त पेट्रोलसाठी कडक व्हॉल्व्ह सीट, इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकतील अशा रबरी नळ्या. यातलं बहुतेक सगळं बाहेरून कुणाला दिसतसुद्धा नाही.

आवडीनिवडी इथून सुरू होतात. डॅशबोर्डच्या मधोमध एकच मोठा स्पीडोमीटर आणि दोन्ही बाजूंना सामान ठेवायचे कप्पे, अशी मूळ रचना. शहाणे मालक स्पीकरचा ॲम्प्लिफायर आणि फोनचा चार्जर त्या कप्प्यांत दडवतात आणि झाकण लावून घेतात. १९६१ पूर्वीच्या गाड्यांना वळण दाखवायला दिवा नव्हता. दाराच्या खांबातून एक चिमुकला पेटता हात बाहेर येई. तो ठेवावाच, असं माझं मत. मागच्या ड्रायव्हरला मात्र त्याचा अर्थ कळत नाही, तेव्हा जोडीला लुकलुकते दिवेही लावावेत. सीट बेल्टच्या बाबतीत हौस चालत नाही: पट्ट्याचा बोल्ट लाकडाला लावून उपयोग नाही, पोलादच शोधावं लागतं.

सर्व मिळून मायनर सोळा लाखांच्या आसपास बनल्या. दहा लाखांचा आकडा गाठणारी ही पहिली ब्रिटिश मोटार. त्यातल्या दोन लाखांहून थोड्या जास्त लाकडी ट्रॅव्हलर. आपल्याकडेही हिंदुस्तान मोटर्सने मायनरच ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने विकली होती. सुटे भाग आजही मिळतात, कारण ब्रिटनमध्ये त्यांचा एक अख्खा व्यवसाय तगून आहे. चार्ल्स वेअर नावाच्या गृहस्थांनी सत्तरच्या दशकात बाथ शहरात मायनरचं केंद्र काढलं आणि एक हिशेब मांडला: दर काही वर्षांनी नवी गाडी घेऊन तिची घसरती किंमत सोसण्यापेक्षा एकच गाडी आयुष्यभर भागाभागाने नवी करत राहणं स्वस्त पडतं. लाकडी चौकटीला तर हा हिशेब चपखल लागू होतो. पत्र्याचं एकसंध अंग गंजलं की ठिगळं लावावी लागतात. चौकटीची कुजलेली पट्टी काढून दुसरी घालता येते. नव्या लाकडाची काळजी मात्र वेगळीच आहे. ॲशच्या झाडांना मारणारा बुरशीजन्य रोग २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये आढळला आणि तिथली ॲशची रानं तेव्हापासून सुकत आहेत.

आपल्या देशात असं काही करायचं म्हणाल, तर एक गोष्ट आधी समजून घ्या. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण तशी नोंदवली की ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरण्यापुरतीच बाहेर काढायची. शिवाय इंजिन किंवा अंगात मोठे बदल केलेली गाडी या नोंदणीला चालत नाही. ब्रिटनमध्ये उलट आहे. चाळीस वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाडीला रोड टॅक्स पडत नाही आणि २०१८ पासून एमओटीची सक्तीही नाही. म्हणजे लाकूड कुजलंय का, हे दरवर्षी सांगणारा तपासनीस आता सक्तीचा नाही. तेव्हा तिकडे राहणाऱ्या कुणा मराठी वाचकाला ट्रॅव्हलर घ्यायचा मोह झाला, तर विकणारा बॉनेट उघडून इंजिनाचं कौतुक सांगत असताना तुम्ही मागच्या चाकाजवळ उकिडवे बसा, मडगार्डच्या आत हात घाला आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक लाकडाला लावून बघा. इंजिन आठवड्याभरात बदलता येतं. टोक आत गेलं, तर किंमत निम्मी करून मागा.