डॉक्टरांच्या श्रमाचा ताळेबंद

व्यापारी घरातील मूल वैद्यकीय महाविद्यालयात गेले की पहिली काही वर्षे कौतुकात सरतात. पुढे पदव्युत्तर शिक्षण सुरू होते आणि घरच्यांना पहिला धक्का बसतो तो जेवणाच्या वेळेवरून. लहानपणापासून सूर्यास्तापूर्वी ताटावर बसणारी, चातुर्मासात चौविहार पाळणारी मुलगी रात्री अकरा वाजता कँटीनमध्ये दिवसातला पहिला धड घास घेते, हे आईला फोनवर कळते. पर्युषणात दोन दिवस तरी घरी ये म्हणावे, तर ‘ड्यूटी आहे’ एवढेच उत्तर मिळते. दुकानदारालाही दिवाळीच्या हंगामात चौदा-चौदा तास गल्ल्यावर बसावे लागते. कष्टाचे अप्रूप या समाजाला नाही. परंतु गल्ल्यावर डुलकी लागली तर रोजमेळ चुकतो आणि तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतो. वॉर्डातील चूक अशी दुरुस्त होतेच असे नाही.

‘निवासी डॉक्टर’ या शब्दातील ‘निवास’ मुळात अक्षरशः खरा होता. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे विल्यम हॉलस्टेड या शल्यविशारदाने शिकाऊ डॉक्टरांची जी पद्धत बसवली, तीच पुढे जगभर रूढ झाली. हे तरुण रुग्णालयातच राहत, बहुधा अविवाहित असत आणि त्यांना दिवस-रात्र हाकेवर असावे लागे. या कठोर शिस्तीचा जनक स्वतः कोकेन आणि पुढे मॉर्फिनच्या व्यसनात अडकलेला होता, हा इतिहासातील एक विचित्र योग.

मात्र त्या काळचे तास आणि आजचे तास एकाच तराजूत टाकता येत नाहीत. तेव्हा रुग्ण आठवडेच्या आठवडे खाटेवर असत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आजोबांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून त्यांना कित्येक दिवस निश्चल झोपवीत. आज ते त्याच दिवशी संध्याकाळी घरी येतात. म्हणजे खाट तीच, पण तिच्यावरून जाणाऱ्या रुग्णांची संख्या अनेक पटींनी वाढली. जे दाखल होतात ते अधिक गंभीर, त्यांच्या तपासण्या अधिक, नोंदी अधिक. पूर्वीच्या निवासी डॉक्टराला रात्री बऱ्याचदा झोप मिळे. आजच्या डॉक्टराचे तास कागदावर तेवढेच राहिले, किंबहुना थोडे घटले, तरी प्रत्येक तासात कोंबलेले काम वाढले आहे. व्यापारी भाषेत सांगायचे तर दुकान तेवढेच, माणसे तेवढीच, उलाढाल मात्र कैक पट.

या व्यवस्थेला पहिला मोठा हादरा दिला तो एका बापाने. मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायॉन ही अठरा वर्षांची मुलगी तापाने रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांतच मरण पावली. ती आधीपासून घेत असलेल्या गोळ्यांशी न जुळणारे इंजेक्शन तिला दिले गेले होते. तिची जबाबदारी ज्या शिकाऊ डॉक्टरांवर होती, ते दीर्घकाळ कामावर होते आणि त्यांच्याकडे इतरही अनेक रुग्ण होते. तिचे वडील सिडनी झायॉन हे वकील आणि पत्रकार. त्यांनी डॉक्टरांबरोबरच त्या पद्धतीवरही बोट ठेवले. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तास अशी मर्यादा घातली. २००३ मध्ये ८० तासांची मर्यादा सर्व अमेरिकेत लागू झाली. युरोपीय संघाने २००९ पासून शिकाऊ डॉक्टरांसाठी आठवड्याला सरासरी ४८ तासांचा दंडक लावला.

शास्त्रीय पुरावाही जमत गेला. सलग चोवीस तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे मद्यप्राशन केलेल्या माणसासारखे चालतात, असे १९९७ मधील एका प्रयोगात आढळले. २००४ मध्ये बॉस्टनमधील अतिदक्षता विभागात जुन्या पद्धतीच्या पाळ्या आणि आखूड पाळ्या यांची तुलना झाली, तेव्हा जुन्या पद्धतीत शिकाऊ डॉक्टरांच्या गंभीर चुका ३६ टक्क्यांनी अधिक निघाल्या.

तरीही तास कापले की प्रश्न सुटला, असे झाले नाही. पाळी बदलली की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि सांगायचे राहून गेलेले एक वाक्य महागात पडते. मुनीम बदलताना उधारी तोंडी सांगणाऱ्या पेढीचे काय होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. २०११ मध्ये अमेरिकेने पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांसाठी सलग १६ तासांची मर्यादा आणली आणि २०१७ मध्ये ती मागे घेतली. कारण लवचीक वेळांमुळे रुग्णांचे अधिक नुकसान होत नाही, असे शल्यचिकित्सा विभागांतील एका मोठ्या चाचणीत दिसले होते.

भारतात नियम नाही असे नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत आठवड्याला साधारण ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक नाही, असे नमूद आहे. ‘कामाच्या निकडीनुसार’ या पुस्तीने ते पातळ झाले. २०२३ च्या नियमावलीत आकडाच नाहीसा होऊन ‘वाजवी तास’ उरले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात, प्रदीर्घ ड्यूटीच्या दरम्यान सभागृहात विसावलेल्या तरुण महिला डॉक्टरची अत्याचार करून हत्या झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयातही ३६ तासांच्या पाळ्यांचा विषय निघाला. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली.

इकडे गावातल्या फॅमिली डॉक्टरचेही काम पालटले. कंपाउंडर, कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली मिक्श्चरची बाटली, घरी येणारी व्हिजिट हे सारे गेले. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, पुढे विम्याचे अर्ज आले. ‘लिहिलेले नाही ते केलेले नाही’ ही धास्ती लेखणीला चिकटली. रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणक व कागदपत्रांत जातात, असे २०१६ मधील एका अमेरिकन पाहणीत आढळले.

आहारदान, शास्त्रदान, अभयदान यांच्या बरोबरीने औषधदान सांगणाऱ्या आणि वैयावृत्त्याला आभ्यंतर तपात स्थान देणाऱ्या परंपरेत रुग्णालयांसाठी देणगी कमी पडत नाही. इमारत उभी राहते, यंत्र येते, संगमरवरी पाटी लागते. रात्रपाळीच्या जादा डॉक्टरच्या पगारावर मात्र कोणाचे नाव कोरता येत नाही, म्हणून ती बाब अर्थसंकल्पात मागे पडते. विश्वस्तांच्या सभेत जमाखर्च वाचला जातो, त्याबरोबर ड्यूटीचा तक्ताही वाचता येईल: रात्री किती खाटांमागे एक डॉक्टर होता, सलग किती तास होता, पाळी बदलताना रुग्णांची यादी लेखी दिली गेली का, विश्रांतीच्या खोलीला आतून कडी आहे का. आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांचा डबा साडेपाचला वॉर्डात पोहोचवायला एक शिपाई पुरतो.