पेशीतील स्निग्ध द्रव्ये आणि कर्करोगावरील उपचार

बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी हे मँगनीजच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले गाव. अशा गावात एखाद्या घरी कर्करोगाचे निदान झाले, की नागपूरच्या रुग्णालयाची चौकशी होते आणि त्याबरोबरच रुग्णाच्या ताटातील तेल-तूप बंद करावे काय, असाही प्रश्न पुढे येतो. त्याचे उत्तर पेशीच्या रचनेत सापडते.

शरीरातील प्रत्येक पेशीभोवती अत्यंत पातळ पटल असते. ते मुख्यतः स्निग्ध द्रव्यांचे दोन थर आणि त्यांत रुतलेली प्रथिने यांचे बनलेले असते. या द्रव्यांना शास्त्रीय परिभाषेत लिपिड म्हणतात. कर्करोगाच्या पेशी सतत विभागत असल्याने नव्या पटलांसाठी त्यांना लिपिड अधिक प्रमाणात लागतात. अशा अनेक पेशी ते साखरेपासून स्वतःच तयार करतात. म्हणून तूप सोडल्याने गाठ उपाशी मरते, हा समज निराधार होय. पेशीतील ही निर्मिती रोखणाऱ्या औषधांवर संशोधन चालू आहे.

लिपिडांचा दुसरा उपयोग मात्र उपचारात रूढ झाला आहे. काही लिपिड पाण्यात मिसळले असता त्यांच्या सूक्ष्म पिशव्या बनतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक बँगहॅम यांनी १९६० नंतरच्या दशकात हे दाखवून दिले. या पिशव्यांना लायपोसोम म्हणतात. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील प्रभावी औषध हृदयाला अपाय करू शकते. लायपोसोममधून दिल्यास हा धोका कमी होतो. तथापि तळहात-तळपाय लाल होऊन दुखण्याचा त्रास संभवतो. अशा औषधास अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. पुढे २०१२ साली तेथे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा भारतीय कंपनीचे औषध आयात करण्यास तेथील शासनाने अनुमती दिली.

कर्करोगाच्या औषधांनी प्रतिकारशक्ती घटून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. त्यावरील ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध मूत्रपिंडास जाचक ठरते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेही लायपोसोममधून देण्याबाबत महत्त्वाचे संशोधन केले.

लायपोसोमची औषधे प्रत्येक कर्करोगावर चालत नाहीत. त्यांची निवड तज्ज्ञांनीच करावयाची असते. उपचारकाळात रुग्णाला पुरेशा पोषणाची गरज असते. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून आहार तोडू नये. तोंडातील व्रण तीन आठवड्यांत बरा न झाल्यास अथवा शरीरावर नवी गाठ आढळल्यास विलंब न लावता तपासणी करून घ्यावी. उत्तम औषधही वेळेवर पोहोचणाऱ्या रुग्णालाच अधिक उपयोगी पडते.