दोनशेच्या आकड्यामागची नदी

ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तास लॅबच्या बाकावर बसायचं आणि पुन्हा सुई टोचून घ्यायची. रिपोर्टवर २०० किंवा त्याहून अधिक आकडा आला की मधुमेह. १९५ आला तर डॉक्टर म्हणतात, "जरा सांभाळा." भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, म्हणजे हा आकडा आता घरोघरी पोचलेला आहे. पण २००च का? १८० का नाही, २३० का नाही?

उत्तर आहे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या दक्षिणेला, हीला नदीच्या कोरड्या पात्राकाठी. इथे राहणारे मूळनिवासी स्वतःला अकिमेल ओ'ओदम, म्हणजे नदीकाठचे लोक म्हणवतात. वैद्यकाच्या पुस्तकांत ते 'पिमा' या नावाने आहेत. सर्वसाधारण लोकसमूहात साखर मोजली तर आलेखाला एकच उंचवटा येतो. तो हळूहळू उतरत जातो आणि निरोगी कुठे संपला, आजारी कुठे सुरू झाला हे त्यावरून सांगता येत नाही. पिमांच्या आलेखाला मात्र चक्क दोन उंचवटे निघाले आणि त्यांच्यामधली दरी होती २००च्या आसपास. डोळ्यांच्या पडद्याचे मधुमेही विकारही प्रामुख्याने त्या दरीपलीकडच्या लोकांत सापडले. १९७९ साली अमेरिकेने आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने ही रेघ मान्य केली. उपाशीपोटीच्या साखरेची १२६ ही मर्यादा १९९७ मध्ये ठरली, तेव्हा तपासलेल्या माहितीतही पिमा होतेच.

रेघ इतकी ठळक दिसली याचं कारण भीषण आहे. दुसरा उंचवटा भरायला तिथे माणसांची वाण नव्हती.

अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे पीटर बेनेट आणि त्यांचे सहकारी १९६३ मध्ये इथे आले ते सांध्यांचे विकार तपासायला. रक्त तपासलं आणि सांधे बाजूलाच राहिले. १९६५ पासून पाच वर्षांपुढच्या प्रत्येकाची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली आणि ती चार दशकं चालली. १९७१ मध्ये पहिला मोठा निष्कर्ष छापून आला: पस्तिशीपुढच्या दर दोन पिमांमागे एकाला मधुमेह. तोवर जगात कुठल्याही समाजात इतकं प्रमाण नोंदलं गेलं नव्हतं.

आता मागचे आकडे पाहा. मानववंशशास्त्रज्ञ आलेश हर्डलिच्का यांनी १९०८ मध्ये पिमांच्या प्रकृतीविषयी लिहिलं, तेव्हा त्यांना मधुमेहाचा १ रुग्ण ठाऊक होता. बॉस्टनचे प्रख्यात मधुमेहतज्ज्ञ एलियट जोस्लिन यांनी १९४० मध्ये २१ रुग्ण नोंदवले. १९५४ पर्यंत ते २८३ झाले. सुरुवातीचे आकडे दवाखान्यातल्या नोंदींचे आणि नंतरचे रक्ततपासणीचे, तेव्हा वाढीचा काही भाग नीट शोधल्यामुळेही दिसतो, हे मान्य करायला हवं. पण जोस्लिनसारख्या माणसाच्या नजरेतून अर्धा समाज सुटला असेल, हे पटत नाही.

या वाढीला एक देखणं स्पष्टीकरण मिळालं. जेम्स नील या जनुकशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये 'काटकसरी जनुका'ची कल्पना मांडली होती: दुष्काळ आणि सुगी यांच्या फेऱ्यांत ज्यांचं शरीर चरबी साठवायला तरबेज तेच तगले, आणि रोजच सुगी आली तेव्हा तोच गुण अंगाशी आला. कल्पना झटकन पटते. म्हणूनच ती सरकारांच्या फार सोयीची ठरली. दोष रक्ताचाच म्हटला की बाकी कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही.

जनुकांचा हात नाही असं नाही. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांत २०१४ मध्ये एक जनुकीय बदल सापडला. आई आणि वडील दोघांकडूनही तो मिळालेल्यांना मधुमेहाचा धोका सुमारे दहापट. सामोआ बेटांवर २०१६ मध्ये याहून चक्रावणारी गोष्ट निघाली: तिथला एक बदल वजन वाढवतो आणि मधुमेहाचा धोका मात्र कमी करतो! पण १९०८ ते १९७१ म्हणजे तीन पिढ्या. तेवढ्यात एका अख्ख्या समाजाची जनुकं बदलत नसतात.

आणि हे तपासायची सोय निसर्गाने आणि राजकारणाने मिळून करून ठेवली होती. सीमेपलीकडे मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात, डोंगरातल्या मायकोबा गावात पिमांचेच भाऊबंद राहतात. ते हाताने शेती करतात, लाकूड तोडतात, मका, घेवडा आणि बटाटा खातात. १९९४ मध्ये दोन्हीकडच्या लोकांची तुलना छापून आली. मायकोबातलं सरासरी वजन ६४ किलो, ॲरिझोनातलं ९० किलो. २००६ च्या मोठ्या पाहणीत मेक्सिकोतल्या पिमांपैकी ६.९ टक्क्यांना मधुमेह निघाला, अमेरिकेतल्या ३८ टक्क्यांना. लठ्ठपणाही तसाच: पुरुषांत मेक्सिकोत ७ टक्के, अमेरिकेत ६० टक्क्यांच्या वर. रक्त एका मुळाचं, आणि मधुमेहात पाचपटीहून अधिक फरक. मला विचाराल तर 'काटकसरी जनुका'ची बरीचशी कहाणी इथेच संपते.

मग फरक पडला कशाने? आधी पाण्याने.

हीला आणि तिची उपनदी सॉल्ट यांच्या काठी पिमांच्या पूर्वजांनी शेकडो मैलांचे कालवे खणले होते, तेही लाकडी अवजारांनी, कुदळ-फावड्याच्या लोखंडाशिवाय. फिनिक्स शहर १८६०च्या दशकात वसलं ते याच जुन्या कालव्यांतला गाळ उपसून. त्याच दशकात पिमा अमेरिकी लष्कराला आणि कॅलिफोर्नियाला निघालेल्या प्रवाशांना वर्षाला लाखो पौंड गहू विकत होते. वाळवंट ओलांडून आलेला गोरा माणूस यांच्या धान्यावर तगायचा. पुढे गोऱ्या वसाहतकारांनी नदीच्या वरच्या अंगाला बांध घातले. १८८७ मध्ये फ्लॉरेन्स गावाजवळ मोठा कालवा निघाला आणि खाली पिमांच्या शेतांत उरली वाळू. त्यानंतरची काही दशकं तिथे उपासमारीची म्हणूनच ओळखली जातात. लोकांनी पोटासाठी मेस्कीटची झाडं तोडली आणि सरपण म्हणून विकली. मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी जातभाई. तिच्या गोड शेंगांचं पीठ हा पिमांचा जुना आहार. त्या पिठात आणि वाळवंटात पिकणाऱ्या टेपरी घेवड्यात असे चिकट आणि तंतुमय घटक असतात की साखर रक्तात सावकाश उतरते. पाणी गेलं आणि पाठोपाठ हे अन्नही गेलं.

१९३० मध्ये हीलावरच्या कूलिज धरणाचं उद्घाटन झालं, पिमांना पाणी देण्याच्या नावाखाली. ते कधीच पुरेसं आलं नाही. न्याय्य हिशेब झाला तो २००४ च्या कायद्याने: हीला रिव्हर इंडियन समुदायाचा हक्क वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट. मराठी वाचकाला एकर-फूट कळत नाही, टीएमसी कळतं. हे होतात साधारण साडेअठ्ठावीस टीएमसी. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी आहे. एवढं पाणी, दर वर्षी, काही हजार माणसांच्या समाजाचं होतं, आणि ते कागदावर परत यायला शंभराहून अधिक वर्षं गेली.

पाण्याची जागा घेतली सरकारी शिध्याने. मैदा, साखर, डुकराची चरबी, डबाबंद मांस, नंतर प्रक्रिया केलेलं चीज. मैदा चरबीत तळून केलेली 'फ्राय ब्रेड' आज अमेरिकेत मूळनिवाशांचा पारंपरिक पदार्थ म्हणून मिरवते. तिचा जन्म शिध्यातून आणि लष्करी छावण्यांतल्या कैदेतून झाला. या शिध्यावर सुटलेल्या शरीराला तिथले लोक थट्टेने 'कॉमॉड बॉड' म्हणतात, सरकारी मालावर पोसलेला देह. पिमांच्या जुन्या जेवणात चरबीतून मिळणारी ऊर्जा सुमारे १५ टक्के होती, ती ४० टक्क्यांच्या घरात गेली.

नाऊरू बेटावर हेच उलट्या रस्त्याने झालं. प्रशांत महासागरातलं हे बेट अवघं २१ चौरस किलोमीटर. मधुमेहाची पहिली नोंद १९२५ ची. पुढे फॉस्फेटच्या खाणीतून माणशी उत्पन्न जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांच्या पंक्तीला गेलं, आणि १९७५-७६ मध्ये पॉल झिमेट यांनी तपासलं तेव्हा १५ वर्षांपुढच्या ३४ टक्के लोकांना मधुमेह होता. पिमा गरीब झाले, नाऊरूचे लोक गबर झाले. दोघांच्याही ताटात आपल्या जमिनीतलं काही उरलं नव्हतं.

पिमांच्या नोंदींतला मला सर्वांत हादरवणारा आकडा मात्र गर्भातला आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वीस ते चोवीस वर्षांच्या मुला-मुलींचे तीन गट केले होते. ज्यांच्या आईला कधीच मधुमेह झाला नाही, त्यांच्यातल्या १.४ टक्क्यांना मधुमेह. ज्यांच्या आईला बाळंतपणानंतर पुढे झाला, त्यांच्यातल्या ८.६ टक्क्यांना. ज्यांच्या आईला गरोदरपणीच होता, त्यांच्यातल्या ४५ टक्क्यांना. म्हणजे पहिल्या गटाच्या तीसपटीहून अधिक. हाही दोष आनुवंशिक असेल, ही शंका २००० मध्ये सख्ख्या भावंडांच्या तुलनेने बरीचशी फिटली. आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेलं मूल आणि नंतर जन्मलेलं मूल यांत दुसऱ्याला धोका साडेतीन पटींहून जास्त निघाला. एका पिढीची साखर पुढच्या पिढीला जन्माआधीच भिडते, आणि त्या पिढीतल्या मुलीही पुढे आई होतात.

पुण्याचा संबंध इथे येतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण पुण्याच्या किडकिडीत बाळांच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पिमांची बाळं जन्मतः दांडगी आणि आपली काटकुळी, तरी दोघांच्याही पुढच्या धोक्याची सुरुवात आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांत होते.

जाता जाता: वजन आणि साखर उतरवणाऱ्या ज्या इंजेक्शनांची सध्या चर्चा आहे, त्या कुळातलं २००५ मध्ये मान्यता मिळालेलं पहिलं औषध 'हीला मॉन्स्टर' या विषारी सरड्याच्या लाळेतल्या रेणूवरून बनलं. सरड्याचं नाव याच नदीवरून पडलेलं. उपाय शोधायला निसर्गानेही हाच पत्ता दिला होता.

बदल उलटा फिरवता येतो का? ऑस्ट्रेलियात केरिन ओडी यांनी १९८२ मध्ये दहा मधुमेही आदिवासींना त्यांच्या मुलखात परत नेलं. सात आठवडे शिकार, मासे, कंद, मध यांवरच राहायचं. सरासरी आठ किलो वजन उतरलं. उपाशीपोटीची साखर आपल्या मापात सांगायची तर २०९ वरून ११९ वर आली. माणसं दहाच, त्यामुळे यावर इमले बांधू नयेत. पण पन्नास दिवसांत इतका फरक पाहिल्यावर 'यांचं रक्तच असं' म्हणणाऱ्यांनी थोडं गप्प बसावं.

सगळ्यांना रानात परत जाता येणार नाही. अमेरिकेने १९९७ मध्ये मूळनिवाशांसाठी खास मधुमेह कार्यक्रम सुरू केला. त्यात गावातलेच आरोग्य कार्यकर्ते, घरी जाऊन पाठपुरावा, मूत्रपिंड वाचवणारी रक्तदाबाची औषधं. ही औषधं घेणाऱ्यांचं प्रमाण पाच वर्षांत ४२ वरून ७४ टक्क्यांवर गेलं. मधुमेहाने मूत्रपिंड निकामी होणाऱ्या प्रौढ मूळनिवाशांचं प्रमाण १९९६ मध्ये लाखामागे ५७.३ होतं, ते २०१३ मध्ये २६.५ झालं. सतरा वर्षांत ५४ टक्के घट, तीही अमेरिकेतल्या सर्वाधिक मधुमेह असलेल्या समाजात. एवढी घसरण देशातल्या दुसऱ्या कुठल्याही वंशगटात झाली नाही.

या कार्यक्रमाला २००४ पासून वर्षाला १५ कोटी डॉलर मिळू लागले. पुढची जवळपास वीस वर्षं, महागाई कितीही वाढली तरी, रक्कम तेवढीच राहिली. कार्यक्रम कायमस्वरूपीही केलेला नाही. थोड्या थोड्या मुदतीने त्याला जीवदान द्यायचं, असंच अमेरिकी काँग्रेसचं चालू आहे. ज्यांच्या रक्तावरून सगळ्या जगाने आपली मोजपट्टी आखून घेतली, त्यांच्या बाबतीत तरी ही कंजुषी शोभत नाही.