नानींचा मोबाइल परदेशी जातो

तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, चाचा किंवा मामू आखाती देशांत नोकरी करत असतील. समजा, तुमच्या नानी महिनाभरासाठी मुंबईहून दुबईला मामूंकडे निघाल्या आहेत. पिशवीत पासपोर्ट, तिकीट आणि मोबाइल आहे. पासपोर्ट विमानतळावर तपासला जातो. मोबाइल मात्र गुपचूप सीमा ओलांडतो, आणि तिथूनच खर्च वाढू लागतो.

असे का होते? दुबईत फोन सुरू होताच तो जवळचा टॉवर शोधतो. हा टॉवर तिथल्या कंपनीचा असतो. ती कंपनी सिमकार्डावरून नानींची भारतातील कंपनी ओळखते. नानींनी परवानगी घेतलेली असेल तर सेवा सुरू होते. यालाच 'रोमिंग' म्हणतात. परक्या टॉवरच्या वापराचे पैसे शेवटी नानींनाच भरावे लागतात.

आता आणखी एक गोष्ट पाहा. तुम्ही घरून नानींच्या भारतातील नंबरवर फोन करता. तुम्हाला नेहमीचाच दर लागतो. पण तुमचा फोन आधी भारतातील कंपनीकडे जातो आणि तिथून दुबईला. या पुढच्या प्रवासाचा खर्च नानींवर पडतो. समजा, मिनिटाला ५० रुपये दर असेल, तर १० मिनिटांचे ५०० रुपये झाले! फोन तुम्ही केला, भुर्दंड मात्र नानींना.

इंटरनेटचा खर्च तर दिसतही नाही. फोन खिशात असतानाही ॲप अद्ययावत होतात, फोटो आपोआप पाठवले जातात. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

१. निघण्यापूर्वी कंपनीकडे रोमिंगचे दर विचारावेत. पॅक घेतल्यास तो कोणत्या देशात व किती दिवस चालतो, हे पाहावे.

२. विमानात 'फ्लाइट मोड' लावावा. काही विमानांतही मोबाइलची सेवा असते आणि तिचे दर फार असतात.

३. भारतातील सिमचे 'डेटा रोमिंग' बंद ठेवावे. घरी मामूंचे वायफाय वापरावे.

४. मुक्काम मोठा असेल तर पासपोर्ट दाखवून तिथले सिम घ्यावे. मात्र भारतातील सिम फेकू नये. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.

५. सर्व नंबर +९१ लावून साठवावेत, म्हणजे परदेशातूनही ते लागतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्यावर निर्बंध आहेत. परवानगी मिळालेली ठरावीक ॲपच तिथे चालतात. म्हणून कोणते ॲप वापरायचे, हे मामूंना आधीच विचारा. आवाजात निरोप पाठवणे हाही सोपा मार्ग आहे.

युरोपीय संघातील देशांनी १५ जून २०१७ पासून आपापसांतील रोमिंगचा जादा आकार रद्द केला. तिथला ग्राहक संघातील दुसऱ्या देशात गेला, तरी साधारणपणे घरच्याच दराने बोलतो. भारत आणि दुबई यांच्यात अशी सोय नाही. तेव्हा आपणच जागरूक राहायला हवे.

मित्रांनो, बिलाच्या भीतीने फोन बंद करून ठेवणे ही काही बचत नव्हे. परक्या गावी नानींना घरच्यांचा आवाज ऐकावासा वाटणारच. त्यांना फोनमधली ही बटणे कदाचित समजत नसतील, पण तुम्हाला समजतात. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री त्यांच्याजवळ बसा आणि सारे नीट करून द्या. मग नानी निश्चिंतपणे बोलतील आणि तुम्हीही!

शब्दार्थ
भुर्दंड – विनाकारण पडणारा खर्च
निर्बंध – बंधन, मनाई
निश्चिंतपणे – काळजी न करता

स्वाध्याय
१. रोमिंग म्हणजे काय?
२. तुम्ही केलेल्या फोनचा खर्च नानींवर का पडतो?
३. भारतातील सिम जवळ का ठेवावे?