विजेशी रोजचा सामना

आकाशवाणीचं नागपूर केंद्र 16 जुलै 1948 रोजी सुरू झालं. 585 किलोहर्ट्झ हा त्याचा मध्यम लहरींवरचा पत्ता विदर्भातल्या जुन्या श्रोत्यांना पाठ आहे. औपचारिक इतिहास एवढा पुरे, कारण वादळी रात्री खरी कसोटी लागते ती प्रक्षेपण मनोऱ्याची.

मध्यम लहरींचा मनोरा हाच मुळात अँटेना असतो. 585 किलोहर्ट्झची लहर सुमारे 512 मीटर लांब, म्हणून मनोराही बराच उंच लागतो. आसपासच्या सपाट रानात सर्वात उंच तोच, त्यामुळे वीजही त्यालाच गाठते. पण त्याला थेट जमिनीशी जोडून चालत नाही, नाहीतर प्रक्षेपणच जमिनीत जिरेल. म्हणून तो चिनी मातीच्या भक्कम विद्युतरोधकावर उभा करतात आणि पायथ्याशी दोन धातूचे गोळे मोजकं अंतर राखून बसवतात. वीज पडली की त्या फटीत ठिणगी उडते आणि विजेचा लोंढा जमिनीत उतरतो. मात्र प्रक्षेपकाची स्वतःची शक्ती ती ठिणगी पेटती ठेवू शकते. म्हणून संरक्षक यंत्रणा क्षणार्धासाठी प्रक्षेपक बंद करते, ठिणगी विझते, आवाज परत येतो. श्रोत्याला जाणवतो तो फक्त एक खटका. फट कमी झाली तर प्रक्षेपण विनाकारण तुटतं, जास्त झाली तर वीज यंत्रात शिरते. पावसाळ्याआधी ती फट तपासणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव कुठल्याच बातमीपत्रात येत नाही, आणि यावं असं फार वाटतं.

याच नागपूरजवळच्या 1,000 किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून 1988 पासून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्रभर देशाला ऐकू येई. 2019 च्या जानेवारीत ती वाहिनी बंद झाली.

रात्री जागणारा असा आवाज किती लागतो, ते 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे कळलं. नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, अनेक भागांत वीज गेली. चौघांचा जीव गेला, हजारो घरांत चिखल झाला. लोक झोपेत होते.

अशा वेळी बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर मोबाइलच्या मनोऱ्यांवर आणि घरातल्या विजेवर अवलंबून नसतो. पण तो आता घरात आहे कुठे? मोबाइलमध्ये मध्यम लहर लागत नाही. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. नैसर्गिक आपत्तीची सूचना ती देऊ शकतात, पण स्थानिक प्रशासनाने पुरवलेलीच. म्हणजे सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राने पुढच्या तीन तासांचा इशारा दिला, तरी पाणी कुठल्या गल्लीत शिरतंय हे प्रशासनाने सांगेपर्यंत निवेदकाचा माईक रिकामाच राहतो.

महापालिका आणि जिल्हा प्रशासनाने अतिवृष्टीच्या रात्री रेडिओ केंद्रांच्या स्टुडिओशी थेट बोलणारा एक अधिकारी नेमावा. आणि नागपूरकरांनी, विशेषतः नाग नदीकाठच्यांनी, मध्यम लहर पकडणारा एक ट्रान्झिस्टर आणि नव्या बॅटऱ्या जूनपूर्वीच घरात आणून ठेवाव्यात.