परसातला बटाटा

बटाटा जमिनीखाली येतो म्हणून आपण त्याला मुळा-गाजराच्या पंगतीला बसवतो. पण बटाटा हे मूळ नव्हे, ते खोड आहे. झाडाच्या जमिनीतल्या फांदीचे टोक अन्न साठवून फुगते, त्याचाच बटाटा होतो. आणि त्याच्यावरचे डोळे म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा. एवढे ध्यानात ठेवले की लागवडीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप उमगतात.

आता बेण्याचे पाहू. आपण बी पेरीत नाही, झाडाचाच तुकडा लावतो. तेव्हा आईचे गुण जसे उतरतात तसे तिचे रोगही उतरतात. १८४५ साली आयर्लंडात करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत तेथे सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने दगावली. बहुतेकांच्या शेतात एकाच जातीचा बटाटा होता आणि सडका कंद रोग पुढे नेत होता. म्हणून स्वयंपाकघरात मोड आलेला कोणताही बटाटा मातीत खुपसू नये. आपल्याकडे केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यास सुरू झाली व १९५६ साली शिमल्यास गेली. तिच्या 'कुफरी' नावाच्या जातींचे प्रमाणित बेणे मिळाले तर उत्तम. मावा ही कीड विषाणुरोग पसरवते. म्हणून चांगले बेणे मावा कमी असेल अशा जागी आणि अशा वेळी वाढवतात.

नुकताच काढलेला बटाटा सुमारे दोन-तीन महिने झोपलेला असतो. तो लावून उपयोग नाही. बेणे शीतगृहातले असेल तर लावण्यापूर्वी आठ-दहा दिवस बाहेर काढून, उन्हात नव्हे पण उजेडात, टोपलीत पसरून ठेवा. अंधारात कोंब पांढरे, लांबट व नाजूक येतात. उजेडात ते आखूड, जाड व हिरवे येतात. आपल्याला हेच हवेत.

कोंबडीच्या अंड्याएवढा बटाटा अखंडच लावावा. मोठा असेल तर उभा कापावा, कारण बहुतेक डोळे एका टोकाकडे असतात. प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे यावेत. कापलेल्या फोडी एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या. ओली जखम ओल्या मातीत गेली की सडलीच म्हणून समजा.

लावायचे केव्हा? रात्री गारवा असल्याशिवाय कंद धरत नाही. पुणे जिल्ह्यात आंबेगाव-खेडकडे पावसाळी बटाटाही घेतात, पण घाटावरच्या परसाला ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच काळ बरा. कोकणपट्टीत थंडी थोडी, तेव्हा तेथे फार आशा ठेवू नये.

जागा उन्हाची, माती भुसभुशीत, शेणखत चांगले कुजलेले हवे. गेल्या खेपेला जेथे टोमॅटो, वांगी वा मिरची होती तो वाफा टाळा. ही सारी एकाच कुळातली मंडळी, रोगही बरेचसे सामाईक. दीड-दोन फुटांवर सरी ओढून वीतभर अंतराने, चार बोटे खोल, कोंब वर करून बेणे ठेवा. पाणी हलके द्या. ओल हवी, चिखल नको.

आता सर्वांत महत्त्वाचे काम. नवे बटाटे लावलेल्या फोडीच्या वरच्या बाजूला धरतात. म्हणून झाड वीतभर झाले की, म्हणजे साधारण महिन्याने, बुंध्याशी मातीची भर द्या. पुन्हा पंधरा दिवसांनी द्या. भर कमी पडली की बटाटा उघडा पडतो. मग पाकोळी त्याच्यावर अंडी घालते आणि उजेडाने तो हिरवा होतो. अशा हिरव्या बटाट्यात सोलॅनिन नावाचे विष वाढते आणि ते उकडल्याने जात नाही. घरात लहान मुले असतील तर हे विशेष जपावे. किंचित हिरवटपणा असेल तर तो भाग जाड काढून टाका. बटाटा बराच हिरवा वा कडू असेल तर फेकून द्या. झाडाचा पाला आणि त्याला येणारी हिरवी फळेही विषारीच.

तीन-साडेतीन महिन्यांत पाला पिवळा पडतो. त्याआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा, म्हणजे साल पक्की होते. काढलेले बटाटे सावलीत सुकवून अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा. झाडामागे पाच-सहा बरे बटाटे निघाले तरी पुष्कळ झाले. पण एखादे झाड आखडलेले, पाने मुरडलेली दिसली, तर त्याचा बटाटा पुढच्या वर्षीच्या बेण्यात ठेवण्याचा मोह धरू नका. वाफ्यात रोग आपल्याच हाताने पेरल्यासारखे होईल.