बोजा आणि ओल

दशावतारी कलाकाराबद्दल तळकोकणात म्हणतात, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.’ कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या की पावसाळा तोंडावर येईपर्यंत रोज नवं गाव, नवं देऊळ, आणि रात्रभर राज्य करून झालं की पेटारा पुढच्या गावाला न्यायचा. आता वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर ही मंडळं गाडीने फिरतात, पण सामानाची शिस्त जुनीच आहे. कलाकाराची पत्र्याची ट्रंक उघडली की रंगायला बसायची जागा तयार होते, मिटली की तिच्यावरच टेकता येतं. रोज न लागणारी वस्तू प्रवासाला येतच नाही. फिरत्या घराची आतली मांडणी शिकायची तर रंगपटात तासभर बसावं.

हे सांगण्याचं कारण म्हणजे सध्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दिसू लागलेली हौस. कुणी जुनी व्हॅन घेतो, कुणी गाडीमागे ओढायचा छोटा ट्रेलर, आणि गावच्या सुताराला हाताशी धरून आत पलंग, ओटा, कपाटं बसवू पाहतो. १९९७मध्ये सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०२१मध्ये राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आलं. त्याचा भर व्यवसायावर आणि कॅरव्हॅन पार्कवर आहे, घरच्या घरी खटपट करणाऱ्यावर नाही. चाकरमान्याची अडचण वेगळीच असते. वडिलोपार्जित घरात हिस्सेदार इतके, की मे महिन्यात पाठ टेकायला खोली मिळत नाही. खळ्यात उभा केलेला दहा बाय सहा फुटांचा डबा हा त्या तंट्यावरचा स्वस्त तोडगा. मला तर पर्यटनापेक्षा हाच उपयोग अधिक खरा वाटतो.

हौशीने बांधलेल्या फिरत्या घराचा इतिहास जड वजनानेच सुरू होतो. १८८५मध्ये गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टर-लेखकाने ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली. मौजेसाठी बांधलेली पहिली कॅरव्हॅन म्हणून तिचं नाव घेतात. आत महोगनीचं काम, पुस्तकांचं कपाट आणि चक्क एक हार्मोनियम. वजन जवळजवळ दोन टन. ओढायला दोन घोडे, आणि पुढचा रस्ता कसा आहे ते पाहायला तीनचाकी सायकलवरून निघालेला नोकर. हार्मोनियम आपल्या दशावतारी मंडळींबरोबरही असते, पण महोगनीचं कपाट कुणी नेत नाही.

आपला सुतार घरातलं फर्निचर करायला शिकलेला असतो. त्याचा हात आपोआप १८ मिलिमीटरच्या प्लायकडे जातो आणि वर सनमायका चढतो. आठ बाय चार फुटांचा असा एक तक्ता साधारण ३५ किलो भरतो. पलंग, ओटा, दोन कपाटं आणि बसायचा बाक यात पाच तक्ते सहज जिरतात, म्हणजे पावणेदोनशे किलो नुसतं लाकूड. ट्रेलरची एकूण वजनमर्यादा साडेसातशे किलो असेल आणि रिकामा सांगाडाच तिच्यातला निम्मा वाटा खात असेल, तर माणसाच्या सामानाला उरतं काय? सहा मिलिमीटरचा तक्ता बारा किलोंच्या आसपास असतो. त्याला आतून हलक्या लाकडी पट्ट्यांची चौकट दिली की कपाटाच्या बाजूला तो पुरतो. कपाटाला दारच नको, कापडी पडदा चालतो. पाण्याची टाकी पन्नास लिटरची घेतली तर भरल्यावर ते पन्नास किलो, हे विसरून ती मागच्या कोपऱ्यात बसवणारे बरेच भेटतात.

मागचा कोपरा का नको, ते आंबोली घाटात कळतं. ट्रेलरचं वजन चाकांच्या आसाच्या मागे गेलं की उतारावर त्याची शेपटी झुलू लागते आणि ओढणाऱ्या गाडीलाही हलवते. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या आकड्यावर यावा, असा ढोबळ नियम आहे. सातशे किलोंच्या ट्रेलरला म्हणजे सत्तर ते शंभर किलो. म्हणून बॅटरी, टाकी, गॅस ही जड मंडळी खाली, आसाच्या जवळ, थोडी पुढे. वरच्या फळीवर उशा आणि कपडे. ओट्याला ग्रॅनाइट हवंच असा हट्ट धरणाऱ्यांना मी विचारतो, तुम्ही कढी करणार की मयताचा दगड नेणार?

कायद्याकडे बरेच जण काम झाल्यावर वळतात, ते उलटं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनाच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमात परवानगीविना केलेल्या दर बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. छत कापणं, आसनं काढणं, वजन वाढवणं यांतलं काहीही करण्याआधी एमएच-०७चं आरटीओ कार्यालय गाठावं. सुटं, उचलून बाहेर काढता येणारं सामान ठेवणाऱ्याचा जीव त्या मानाने निवांत राहतो.

पण मालवण किनाऱ्यावरचा खरा शत्रू ओल आहे. कोरड्या मुलखासाठी लिहिलेले सल्ले इथे आंधळेपणाने उचलता येत नाहीत. मीठ साधारण ७५ टक्क्यांच्या वरच्या दमटपणात हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. तारकर्ली-देवबागला दिवसभर खारे वारे सुटतात, त्यांच्याबरोबर आलेलं मीठ बिजागऱ्यांवर, स्क्रूंवर, गादीच्या खोळीवर बसतं, आणि रात्री दमटपणा वाढला की ते ओलं होतं. पाऊस नसतानाही गंज चढतो तो असा. त्यात आतली माणसं भर घालतात. दोघांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत जातं. आत गॅस पेटवला तर जळणाऱ्या दर किलो गॅसमागे दीड किलोहून अधिक वाफ तयार होते. चहा उकळतो तेव्हा भिंतही भिजत असते.

यावर होडीवाल्यांकडे उत्तरं आहेत. पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी फळ्या सुंभाने शिवून होड्या करत. लोखंड नाही, तर गंज नाही. आता बहुतेक होड्या फायबरच्या झाल्या आणि किनाऱ्यावर फायबरचं काम जाणणारे हात तयार झाले. ट्रेलरच्या आतल्या कामासाठी मला घरसुतारापेक्षा ही माणसं जास्त मोलाची वाटतात. तळाला आयएस ७१० खुणेचा मरीन प्लाय घालायचा आणि वरून काचतंतू व रेझिनचा थर कोपऱ्यांत चार बोटं भिंतीवर चढवून द्यायचा. मग बादली सांडली तरी पाणी लाकडात शिरत नाही. लाकडाला पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी रेझिन चांगलं धरतं, महाग पडलं तरी. पॉलिएस्टर वापरलंच, तर त्याचा उग्र वास पुष्कळ दिवस जात नाही, तेव्हा काम उन्हाळ्यात करून दारं सताड उघडी ठेवावीत. होड्यांना काजूच्या टरफलाचं तेलही लावतात, लाकडाला कीड लागू नये म्हणून. ते ट्रेलरच्या पोटाखालच्या लाकडाला लावा, आत मुळीच नको. कातडीवर फोड उठवणारं ते तेल आहे.

स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेसचे घ्यावेत. नेहमीच्या ३०४मध्ये नसलेलं मॉलिब्डेनम त्यात असतं, त्यामुळे खाऱ्या हवेत ते टिकतात. मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात स्टीलचा स्क्रू थेट बसला आणि मधे खारं पाणी आलं की पत्रा आधी खाल्ला जातो. मधे नायलॉनचा वॉशर घालायला फार खर्च येत नाही.

पलंगाला सलग फळी ठोकू नये. गादीखाली ओल अडकते आणि महिन्याभरात बुरशीचे काळे डाग पडतात. दोन-दोन बोटं फटी सोडून पट्ट्या ठोकाव्यात, किंवा चौकटीला सरळ सुंभ विणावं. वर काथ्याची गादी. भिंतीच्या पोकळीत काचलोकर भरली तर ती पाणी धरून बसते. बंद छिद्रांचा फोम पत्र्याला चिकटवून, मधे हवा राहणार नाही असा लावलेला बरा.

खिडक्यांचा हिशेब वाऱ्यावरून करावा. दिवसा खारे वारे पश्चिमेकडून, आणि हिवाळ्याच्या रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे. ट्रेलर उभा करताना एक खालची खिडकी पूर्वेला येईल असं पाहावं आणि छताला झाकणाचा झरोका ठेवावा. थंड हवा खालून येते, दमट हवा वरून जाते. एसीचा मोह होतो, पण आकडे त्याच्या बाजूने नाहीत. १२ व्होल्टची १०० अँपियर-तासांची बॅटरी म्हणजे फार तर १.२ युनिट वीज. एक टनाचा एसी ती तासा-दीड तासात संपवतो. पंधरा वॅटचा पंखा आठ तास फिरला तरी तेवढ्यातला दहावाच हिस्सा जातो. जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीतून ऐंशी टक्क्यांपर्यंत चालते आणि वजनही निम्म्याहून कमी होतं. इथे पैसे खर्च करायला माझी ना नाही.

गॅसच्या बाबतीत काटकसर नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, आणि झोपलेला माणूसही तळाजवळच असतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळातच बाहेर उघडणारं भोक हवं, आणि आतल्या बाजूने तो कप्पा पूर्ण बंद. खरं तर शेगडी बाहेर, मागच्या झडपेखाली मांडावी. मालवणी जेवणाचा, विशेषतः तळलेल्या बांगड्याचा वास गादीत मुरला की पुढच्या मोसमापर्यंत सोबत करतो.

पावसाआधी आगोटीची कामं सुरू झाली की ट्रेलरचीही आगोट करावी लागते. गाद्या, पडदे, कपाटातलं सगळं घरात. बॅटरी काढून घरी, टाकी आणि नळ्या पूर्ण रित्या. आतून बाहेरून गोड्या पाण्याने मीठ धुऊन दोन कडक उन्हं द्यायची. नंतर मांगरात, चाकांवरचा भार काढून चिऱ्यांवर उभा करायचा. वाऱ्याच्या बाजूला चुडतांची झापं बांधली तरी चालतं, पण प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नये, आत वाफ कोंडते. कपाटं, फडताळं, झरोके उघडे. झरोक्यांना मात्र बारीक जाळी हवी, नाहीतर गणपतीत येणाऱ्या चाकरमान्याच्या आधी उंदीर राहायला आलेले असतात.